शेवटची खुर्ची आत जाईपर्यंत

तुम्ही आमच्या खुर्च्या नेल्यात.

भिंती कुणी पाडल्या, हम्मामाचा घुमट कुणी फोडला, ते आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर मागायला गेलेली माणसं या शहरात कुठे पोचली ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही फक्त खुर्च्यांबद्दल बोलतोय. हलबमधल्या, जग ज्याला अलेप्पो म्हणतं तिथल्या, हम्मामाच्या गल्लीतल्या बुटक्या, गवताच्या दोरीनं विणलेल्या खुर्च्या. कागदावर तुम्ही एक ओळ लिहिलीत, 'उंबरठ्याबाहेर कोणतीही वस्तू ठेवता कामा नये', आणि खाली शिक्का हाणलात. गल्ली देखणी दिसली पाहिजे म्हणालात. सगळ्या दुकानांना एकच तपकिरी रंग, सारखे दिवे, पाटीवरची अक्षरंसुद्धा एका मापाची. करा देखणी. पण ती ओळ लिहिणारा एकदा तरी सकाळच्या वेळी आमच्या गल्लीत पिशवी घेऊन आला असता, तर त्याचा हात अडखळला असता.

मसालेवाले हाज्ज सुबही होते तेव्हाची सकाळ अशी असायची. फळ्या निघायच्या, दारापुढे पाणी मारलं जायचं, आणि प्रत्येक दुकानदार आपली बुटकी खुर्ची उंबरठ्याबाहेर ठेवायचा. बसायला नव्हे. बाहेर खुर्ची म्हणजे या दुकानाची बोहनी अजून व्हायची आहे. पहिलं गिऱ्हाईक झालं, पहिला माल तागडीतून गेला, की खुर्ची आत. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आलं तर हाज्ज सुबही हात छातीवर ठेवून म्हणायचे, "माझी झाली बाई, देवाची कृपा. समोर खुर्ची दिसतेय ना, तिथे जा." बाईला झातर, सुक्या पानांचा नि तिळाचा तो मसाला, हवं असायचं, तेच झातर समोरही असायचं. ती जायची. गल्लीत सगळे एकाच मालाचे व्यापारी, आणि तरी सकाळी कुणी कुणाचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. एकेक खुर्ची आत जायची. शेवटी एकच उरायची, कुणाची तरी, आणि मग अख्खी गल्ली आपापली गिऱ्हाइकं तिकडे वळवायची. ती शेवटची खुर्ची आत गेली की कुणीतरी चहा सांगायचं. दिवसाचा धंदा त्यानंतर सुरू. मग ओरडा, ओढा, भाव पाडा, काय वाटेल ते करा.

त्यांचा मुलगा नाझिम सात-आठ वर्षांचा असताना एकदा बोहनी झाल्यावरही खुर्ची बाहेरच ठेवून तिच्यावर पाय हलवत बसला होता. हाज्ज सुबहींनी सगळ्यांदेखत त्याचा कान पिळला. "खोटं बोलतोस?" नाझिम रडत म्हणाला, मी तर काहीच बोललो नाही. "खुर्ची बोलली," ते म्हणाले.

हे सगळं नाझिम विसरला होता असं नाही. पण आठ वर्षं तुर्कस्तानात, मेर्सिनला, दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलणारा माणूस बऱ्याच गोष्टी मागे टाकून देतो, नाहीतर खोकी उचलली जात नाहीत.

*

वडिलांचं पडलेलं दुकान पुन्हा उघडण्याच्या आदल्या दुपारी नाझिमची थोरली बहीण विदाद जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून आली. आत नाझिम शिडीवर चढून दिवा नीट करत होता. त्याची बायको सुलाफ बरण्या पुसत होती. धाकटा भाऊ घस्सान, जो एरवी टॅक्सी चालवतो, सुमाकचं पोतं पाठीवर घेऊन मागच्या खोलीकडे निघाला होता. मागच्या खोलीतून भाजलेल्या तिळाचा वास येत होता. विदादनं सकाळीच कलिंगडाच्या बिया, तीळ, हरभरे, बडीशेप असं एकेक भाजून ठेवलं होतं. तिच्याशिवाय ते कुणाला जमत नव्हतं. हाज्ज सुबहींनी कुणालाच माप सांगितलं नाही, पण ती लहानपणी त्यांच्या शेजारी उभी राहून कढईतला तडतडणारा आवाज ऐकायची.

तिनं चादर सोडली.

"हे काय?" नाझिम शिडीवरूनच म्हणाला.

"डोळे मेर्सिनला विसरलास? खुर्ची आहे."

"ते दिसतंय. आली कुठून?"

"सुतारानं केली. तुमच्या त्या शिक्क्यावाल्या तपकिरी दाराच्या फळ्या कापून तुकडे उरले होते. म्हटलं, वाया कशाला जाऊ द्यायचे."

खुर्ची खरंच त्याच तपकिरी लाकडाची होती. बैठक मात्र जुन्या तऱ्हेची, गवताच्या दोरीची. नाझिम खाली उतरला. त्यानं खुर्चीला हात लावला नाही.

"ताई, मी हमीपत्रावर सही केलीय."

"मी नाही केली."

"परवाना माझ्या नावावर आहे."

"आणि दुकान?"

घस्सान पोतं पाठीवर तसंच घेऊन उभा राहिला. हा प्रश्न घरात गेले कित्येक महिने कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. वर्षानुवर्षं साठवलेला पैसा नाझिमनं घातला होता. ढिगारा विदादनं उपसला होता, आपल्या हातांनी, कुणी यायच्या आधी. घस्सान रोज संध्याकाळी दोघांची समजूत काढायचा.

"जुनी खुर्ची कुठे गेली गं ताई?" त्यानं विषय बदलायला विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"जाळली."

घस्साननं पोतं खाली ठेवलं.

"लढाईतल्या त्या हिवाळ्यात. तू सासुरवाडीला किनाऱ्यावर होतास. आधी दाराच्या फळ्या जाळल्या, मग मांडण्या, मग आईची लग्नातली पेटी. खुर्ची शेवटी. एका वेळचा चहा झाला तिच्यावर. एवढीशीच तर होती."

"बरं, आता ऐक," नाझिम म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला होता. "मी नको म्हणत नाही. पण त्यांनी लिहून घेतलंय. उंबरठ्याबाहेर वस्तू दिसली की ताकीद, दुसऱ्यांदा दिसली की टाळं. मी टाळं बघायला परत आलो का? आतल्या बाजूला ठेव ना, गल्ल्याशेजारी."

"आत ठेवलेली कुणाला दिसणार? तुझ्या गल्ल्याला?"

"ताई, महिनाभर थांबू," घस्सान म्हणाला. "तपासणी होऊन जाऊ दे. मग हळूच..."

"तू जन्मल्यापासून 'मग हळूच'. लग्नसुद्धा मग हळूच केलंस."

"झालं ना पण?"

"ती पोरगी धीराची म्हणून झालं."

सुलाफला हसू आलं. तिनं ते बरणीआड लपवलं. पण विदादनं वळून तिच्याकडेच पाहिलं आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

सुलाफच्या हातात फडकं होतं. तिला या खुर्चीचं प्रेम नव्हतं नि रागही नव्हता. ती इद्लिबकडची, तिच्या माहेरी ही रीत नव्हती. मेर्सिनच्या घरातून निघताना तिनं पडदे काढून आणले होते, आणि इथे आल्यावर ते खिडक्यांना आखूड पडले. आता तिनं त्यांना खाली पट्टी जोडली होती. एवढंच तिचं म्हणणं होतं. पण पडद्यांबद्दल कोण बोलणार?

"वन्सं," ती म्हणाली, "मला पुन्हा घर गुंडाळायची ताकद नाही. बाकी तुम्ही म्हणाल ते."

विदादनं खाली पडलेली चादर उचलून झटकली. घस्सानला वाटलं, आता स्फोट. पण विदादनं चादर पुन्हा खुर्चीला गुंडाळली, मागच्या खोलीत गेली आणि खुर्ची उलटी करून खिळ्याला टांगली. मग तिनं कढई घासायला घेतली. ती कढई आधीच स्वच्छ होती.

*

उघडण्याच्या दिवशी सकाळी नाझिमला वाटलं, बाबा असते तर ओळखलं नसतं त्यांनी हे दुकान. त्यांचं दार हिरवं होतं, रंगाचे पापुद्रे निघालेलं. पाटी त्यांच्या मित्रानं रंगवली होती, आणि 'सुबही' लिहिता लिहिता जागा कमी पडल्यामुळे शेवटचं अक्षर चेपून बसवलं होतं. लोक लांबूनसुद्धा ती चेपलेली पाटी ओळखायचे. आता पाटी सरळ होती. शेजारच्यांचीही. त्याच्या शेजारच्यांचीही, जरी ती दुकानं अजून उघडली नव्हती.

पण मोहरीच्या दाण्याएवढाही फरक न पडलेली एक गोष्ट होती. समोरच्या दुकानातला वारूझान. मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू गारो, म्हणजे गारोचे वडील, म्हणतात. आर्मेनियन, वय ऐंशीच्या घरात, मिरची, सुमाक, झातर, वाळवलेली वांगी. हाज्ज सुबहींच्या समोर पन्नास वर्षं तोच माल विकला आणि पन्नास वर्षांत एकदाही भांडण नाही. मुलगा गारो मॉन्ट्रियलला. तो बोलावून थकला. "तिथे बर्फ आहे," अबू गारो म्हणायचा, "आणि बर्फात मिरची वाळत नाही."

घस्साननं मामूनियाची परात आणली होती, गरम, साखरेच्या पाकात शिजवलेला रवा आणि वर मलई. येणाऱ्याला वाटीभर. नाझिमनं देवाचं नाव घेतलं, दिवा लावला. विदाद मागच्या खोलीत झातर कालवायला बसली. शेवटचं कालवण तिनं आजसाठीच राखून ठेवलं होतं. वाळलेल्या पानांची पूड, भाजलेल्या बियांचा चुरा, सुमाकचा लाल आंबटपणा, डाळिंबाचा काळा दाट रस, आणि तेलाचे हात. कोपरापर्यंत हिरवी झालेली बाई मध्येच उठून बाहेर येत नाही.

पहिली बाई आली ती पोक्त, काळ्या कोटातली. ती आधी समोर गेली होती. नाझिमनं पाहिलं, अबू गारोनं तिला काहीतरी सांगून हात या बाजूला केला, आणि ती गल्ली ओलांडून आली.

"अबू गारो म्हणाला, आज समोरूनच घे. हाज्ज सुबहीचा मुलगा ना तू? नाक तेच आहे."

नाझिमनं तिला झातर तोलून दिलं. तागडी वर-खाली झाली आणि स्थिरावली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते सुलाफपासून लपवलं. सुलाफनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग दुसरी आली, दोन बहिणी आल्या, शाळेचे एक मास्तर आले. नवा दिवा, गोड परात, लोक थांबत होते. नाझिम दारात उभा राहून म्हणू लागला, "या, या, आत या, चाखून तर बघा." मेर्सिनला मालक त्याला हेच करायला लावायचा. इथे त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं. घस्सान पुड्या बांधत होता. "दादा, बाबांनासुद्धा एवढी गर्दी नव्हती," तो म्हणाला. नाझिम मनापासून हसला. कित्येक वर्षांत सुलाफनं ते हसणं ऐकलं नव्हतं.

दुपारच्या अजानेच्या थोडं आधी विदाद हात धुऊन बाहेर आली. तिनं परात पाहिली, रिकामी. मांडणी पाहिली, अर्धी. तिनं ओठांवर बोट ठेवून मनात काहीतरी म्हटलं, बहुधा वडिलांना. मग तिनं समोर पाहिलं.

अबू गारो आपल्या दुकानात बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याच्या तागडीवर पांढरं फडकं होतं. तो रात्री तागडी झाकतो आणि पहिल्या तोलाला उघडतो, त्याच्या बापापासूनची सवय. फडकं अजून जागचं हललं नव्हतं.

विदाद गल्ली ओलांडून गेली.

"अबू गारो, बोहनी?"

"होईल की. देव कुठे जातोय?"

"सकाळपासून?"

"तुझ्या भावाचा दिवस आहे आज. लग्नघरात शेजारी जेवला नाही तर काय बिघडतं?" तो हसला. "वास छान सुटलाय. डाळिंब जास्त घातलंस."

"बाबा एवढंच घालायचे."

"तोही जास्तच घालायचा. मी त्याला पन्नास वर्षं सांगितलं."

विदाद परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून घस्सानच्या हातातली पुडी सुटली.

"पहिली बाई कुणी पाठवली?" तिनं विचारलं.

"अबू गारोनं," नाझिम म्हणाला. "चांगला माणूस."

"त्याची स्वतःची बोहनी व्हायच्या आधी पाठवली. दुसरी?"

"दुसरी कुठली?"

"दुसरी, तिसरी, मास्तर, सगळी! त्यानं आपली बोहनी तुझ्या दारात ठेवली आणि तू त्याचं आणखी खाल्लंस. वर दारात उभा राहून 'या, या'! बाबांच्या दारात!"

"ताई, हळू."

"का हळू? त्याला ऐकू गेलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून? त्याला कळलंय. तो सकाळपासून बघतोय. आपल्या घराण्याची ही रीत बघतोय."

सुलाफ मध्ये पडली. "वन्सं, त्यांना काय माहीत अबू गारोंचं झालं की नाही?"

"हो, मला कसं कळणार?" नाझिम ओरडला. त्याचा आनंद असा भर दुपारी कुणी काढून घेतला होता, आणि तो लहान पोरासारखा चिडला. "त्याच्या दारात काही आहे का? बघ ना! काही दिसतंय का? खुर्ची कुठे होती त्याची?"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

गल्लीत ते वाक्य तसंच उभं राहिलं. कुणी विदादकडे बघितलं नाही आणि तिनंही काही म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. नाझिम हात खाली सोडून उभा होता आणि त्याचा कान, उजवा, लाल झाला होता. जणू कुणीतरी आत्ताच पिळला.

हलला तो घस्सान. 'मग हळूच'वाला घस्सान. तो मागच्या खोलीत गेला, खिळ्यावरची खुर्ची काढली, चादर तिथेच टाकली, गल्ली ओलांडली आणि अबू गारोच्या उंबरठ्याबाहेर ती ठेवली.

"हे काय रे?" म्हातारा म्हणाला. "मला लाज आणता काय? या वयात?"

"काका, खुर्ची आहे. कटोरा नाही."

"आणि तो कागद?"

"कागद आमच्याकडे पण आहे."

एवढ्यात एक बाई पोरीला घेऊन नाझिमच्या दारात आली. "झातर द्या हो. तुमचं चांगलं आहे म्हणतात."

नाझिमनं हात छातीवर ठेवला. "माझी झाली बाई, देवाची कृपा. समोर खुर्ची दिसतेय ना, तिथे जा."

"अहो, पण तुमच्याकडे हा ढीग दिसतोय की!"

"तो नाही विकायचा."

"मग मांडलाय कशाला?"

"बघायला," सुलाफ म्हणाली. "छान दिसतो ना?"

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, पोरीचा हात घट्ट धरला आणि समोर गेली. पण समोर जाताना तिची नजर खुर्चीवर पडली आणि ती थबकली. वळून नाझिमला म्हणाली, "अगं बाई. हे अजून आहे होय? माझी आजी सांगायची." आणि अबू गारोच्या दुकानात शिरली.

म्हाताऱ्यानं फडकं उचललं, घडी मोडली नाही, तसंच बाजूला ठेवलं. तागडी हलली. विदादनं डोळे मिटले. अबू गारो पुडी बांधून, पैसे कपाळाला लावून उठला, खुर्ची आत घ्यायला. गुडघे धरत, कण्हत, गल्ल्याला टेकत. त्याला थोडा वेळ लागला.

तुमचा माणूस नेमका तेवढ्या वेळात आला.

*

तरुण होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. त्यानं आधी खुर्चीचा फोटो काढला आणि मग सलाम केला. उलट केलं असतं तरी चाललं असतं.

"ही कुणाची?"

"माझी," अबू गारो म्हणाला.

"माझी," विदाद म्हणाली.

"माझी," नाझिम म्हणाला. सुलाफनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं खांब धरला, पण त्याला थांबवलं नाही.

"एका खुर्चीचे तीन मालक?"

"तुला बसायला हवी असली तर चार," घस्सान म्हणाला.

पोरगा हसला नाही, पण वाईटही नव्हता. त्यानं विदादला बाजूला घेतलं. "मावशी, माझ्यावर रागावू नका. मला वरून सांगतात."

"वर कोण बसतं?"

"साहेब."

"कशावर?"

त्याला कळलं नाही. विदादनं नाद सोडला. मग नाझिमनं त्याला सगळं समजावून सांगितलं, बोहनी, खुर्ची, शेवटची खुर्ची, चहा. सांगताना तो हातवारे करत होता, आणि सुलाफला वाटलं, हा माणूस मेर्सिनला आठ वर्षं हातवारे न करता कसा जगला? तुमच्या पोरानं नीट ऐकून घेतलं. त्याला पटलंही असावं. मग तो म्हणाला, "आतल्या काचेला पाटी लावा की. 'बोहनी झाली', 'बोहनी व्हायची आहे'. मापाची अक्षरं असतील तर परवानगी मिळेल."

"पाटी लावली की ती भीक झाली," विदाद म्हणाली. "खुर्ची तोंडानं काही मागत नाही. ज्याला बघायचंय तो बघतो."

"मी हे लिहू शकत नाही मावशी."

"माहीत आहे. म्हणून तर तोंडी सांगितलं."

त्यानं खुर्ची गाडीत टाकली. ताकीद नाझिमच्या परवान्यावर लिहिली, कारण नाझिमनं आग्रहच धरला. पुढच्या वेळी टाळं, असं पोरगा खाली बघत म्हणाला. गाडी वळेपर्यंत खुर्चीचे चार पाय मागच्या काचेतून दिसत होते, वर केलेले.

"लाकूड त्यांचंच होतं," घस्सान म्हणाला. "परत गेलं."

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना नाझिमनं विदादला विचारलं, "ताई, बाबा काय करायचे गं, खुर्ची मोडली की? मला आठवतं, एकदा दुरुस्तीला गेली होती."

विदादनं आठवून पाहिलं. पाऊस होता, सुताराकडे दोरी संपली होती. "स्वतः उभे राहायचे," ती म्हणाली. "दारात. बोहनी होईपर्यंत."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या निघाल्या, पाणी मारलं गेलं. अबू गारोनं तागडीवरचं फडकं सारखं केलं आणि मान वर केली, तर त्याच्या उंबरठ्याबाहेर नाझिम उभा होता. पाठीमागे हात बांधून, गल्लीकडे तोंड करून.

"काय हवंय?"

"काही नको."

"मग?"

"तुमचे गुडघे उभे राहायचे नाहीत, काका. माझे राहतात."

"अरे, तुझ्या दुकानाचं काय?"

नाझिमनं हनुवटीनं दाखवलं. समोर, नव्या तपकिरी दारापुढे, उंबरठ्याच्या बाहेर सुलाफ उभी होती. ओढणीला पुसून पुसून तिचे हात कोरडे झाले होते. गल्लीत असं उभं राहायची तिला सवय नव्हती. कुठे बघावं हे न कळून ती वर, दिव्याकडे बघत होती. विदादनं आतून तिला चहाचा पेला आणून दिला आणि काही न बोलता तिच्या शेजारी उभी राहिली.

तुमचा पोरगा आला. त्यानं फोन काढला, मग खाली घेतला.

"तुम्ही काय करताय इथे?"

"उभा आहे," नाझिम म्हणाला.

"तुमचं दुकान तर ते."

"हो."

"मग इथे का?"

"याची बोहनी व्हायची आहे."

पोरानं नियमाचा कागद काढला, उघडला, वाचला. पुन्हा वाचला. घस्सान सांगतो की त्याचे ओठ 'वस्तू' या शब्दावर येऊन दोनदा थांबले. मग तो म्हणाला, मला वर विचारावं लागेल. विचार, नाझिम म्हणाला, आम्ही इथेच आहोत. तेवढ्यात एक पिशवीवाला आला, त्यानं सुलाफला पाहिलं, नाझिमला पाहिलं, आणि क्षणभर घोटाळून म्हाताऱ्याच्या दुकानात शिरला. तागडी हलली. नाझिम उंबरठा ओलांडून आत गेला, आणि तिथून सुलाफला ओरडून म्हणाला, "आता शेवटची तूच!"

त्याला बरेच दिवस झाले. तुमचा पोरगा रोज येतो, बघतो आणि जातो. वरून काही आलेलं नाही. गल्लीत आणखी तिघांनी दुकानं उघडली आणि तेही सकाळी बाहेर उभे राहतात. त्यांतला एक आजारी असतो तेव्हा त्याच्या जागी घस्सान राहतो. हिवाळा येतोय. अबू गारोच्या दारात आम्ही आळीपाळीनं उभे राहू, पण तो स्वतःही हट्टानं बाहेर येतो आणि त्याचे गुडघे थरथरतात, आणि त्याला बसायला आम्ही काही ठेवू शकत नाही, कारण ती वस्तू होईल.

म्हणून तुम्हाला विचारतोय, शिक्का ज्याच्या टेबलावर आहे त्यालाच. आपल्या शेजाऱ्याची बोहनी होईपर्यंत त्याच्या दाराबाहेर उभा राहिलेला माणूस ही तुमच्या कागदात वस्तू आहे की नाही? असेल तर आम्हालाही गाडीत टाकून न्या, आम्ही दारातच सापडू. नसेल तर आमची खुर्ची परत द्या. लेखी द्या, तोंडी द्या, त्या पोराच्या हाती चिठ्ठी द्या. पण उत्तर द्या.